आजीचं पण गाव असतं का?

पाहुणे आले की आमच्या जिंतूरमध्ये त्यांना दाखवायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली नेमगिरी. तिथली जैन लेणी आणि छोट्याशा दगडावर टेकलेली पार्श्वनाथाची भली मोठी मूर्ती पाहून पुण्या-मुंबईचे पाहुणेही गप्प होतात. दुसरी जागा चारठाण्याची जुनी दगडी देवळं. आणि तिसरं, मुलांच्या आवडीचं, येलदरीचं धरण. सकाळी लवकर निघायचं, डब्यात दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा, आणि बाटलीत ताक. संध्याकाळपर्यंत सगळे दमून परत.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून एक गोष्ट पाहत होते. आमच्या सासूबाई (त्यांना मी आत्याबाई म्हणते) नेमगिरीला हौसेनं यायच्या, चारठाण्यालाही यायच्या. येलदरीचं नाव निघालं की मात्र त्यांचे गुडघे दुखायला लागायचे. "तुम्ही जाऊन या, माय. मी घरी वरणाला फोडणी घालून ठेवते." नेमगिरीच्या पायऱ्या चढताना न दुखणारे गुडघे धरणाच्या सपाट भिंतीवर कसे काय दुखतात, असं मी एकदा गमतीत म्हटलंसुद्धा. त्या हसल्या नाहीत. ह्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. रात्री भांडी आवरताना ह्यांनी हळूच सांगितलं, "आईचं माहेर त्या पाण्याखाली आहे."

खरं सांगते मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्या धरणावर जाऊन किती वेळा फोटो काढले होते!

आमच्या भागाबाहेरच्या वाचक भगिनींसाठी थोडं सांगते. आमची पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे गोदावरीला मिळते. विदर्भातून वाहत तापीला मिळणारी पूर्णा वेगळी. या आमच्या पूर्णेवर जिंतूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर येलदरीचं धरण आहे. ते 1968 साली पुरं झालं. त्यात सुमारे 934 दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते. पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि तिथून कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेड या जिल्ह्यांतल्या शेतांवर. वसमतच्या ज्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तो वसमतचा परिसरही याच कालव्यांचा. म्हणजे तुमच्या-माझ्या फोडणीत पडणाऱ्या चिमूटभर हळदीतसुद्धा कदाचित या धरणाचा वाटा असेल. आमच्या जिंतूरच्या नळाला येणारं पाणीही तिथलंच. तेव्हा धरण वाईट, असं म्हणण्याचा तोंडपुजेपणा मी करणार नाही. 1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्या बायका पाण्याला कधी वाईट म्हणत नाहीत. आत्याबाईही म्हणत नाहीत. त्या एवढंच म्हणतात, "पाण्याचा काय दोष? ते बिचारं जागा मिळंल तिथं बसतं."

त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. तेव्हा तसंच असायचं. धरणाचं काम चालू आहे, गाव उठणार आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि पटणं वेगळं. एवढं मोठं गाव, पांढरीवरची माळवदाची घरं, मारुतीचा पार, भरलेला आड, हे सगळं कुठं जाईल, असं पोरींना वाटायचं. लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला त्या माहेरी गेल्या. लिंबाला झोका बांधलेला होता, मैत्रिणी होत्या, ज्वारीच्या लाह्या होत्या.

दुसऱ्या पंचमीला भाऊ बैलगाडी घेऊन न्यायला आला. ओळखीचा ओढा गेला, ओळखीची बाभळ गेली आणि मग गाडी भलत्याच वाटेला वळली. "दादा, वाट चुकलास की रं," असं त्या म्हणाल्या. भाऊ काही बोलला नाही. बैल हाकत राहिला. गाडी थांबली ती एका उघड्या माळावर. तिथं सरळ रेघेत ओळीनं घरं चालू होती. काही कुडाची, काही अर्धवट. घराला दार मात्र जुनंच होतं. जुन्या वाड्याचं दार, चौकट आणि माळवदाच्या तुळया वडिलांनी काढून आणल्या होत्या. दाराच्या कडीवरून आत्याबाईंनी आपलं घर ओळखलं. आई बाहेर आली, लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि दोघी तिथंच उभ्यानं रडल्या.

"तुम्हाला कुणी आधी सांगितलं नाही का?" मी विचारलं.

"सांगायला कोण येईल? अन् कामून सांगतील? मी तर दुसऱ्या घरची झाले होते."

हे वाक्य मला कितीतरी दिवस टोचत राहिलं. गाव उठताना आधी देव हलले, मग गुरं हलली, मग माणसं. ते सगळं पाहणाऱ्यांना निदान निरोप घेता आला. मारुतीला शेंदूर लावता आला, आडात शेवटचा पोहरा सोडता आला. पण त्याआधी लग्न होऊन गेलेल्या लेकींना? त्यांचं गाव त्यांच्या पाठीमागे गेलं. सासरी पोळ्या लाटत असताना, धुणं धूत असताना कुठल्या तरी दिवशी त्यांच्या उंबऱ्यावर पाणी चढलं आणि त्यांना तो दिवससुद्धा ठाऊक नाही.

अशा बायका महाराष्ट्रात किती असतील, विचार करा. मुळशीच्या धरणाविरुद्ध 1921 साली सत्याग्रह झाला, सेनापती बापटांचं नाव आपण शाळेत शिकलो. पैठणच्या जायकवाडी धरणात शंभराहून अधिक गावांना पाण्यानं गाठलं. उजनीच्या पाण्यात इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं देऊळ बुडालं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं, लोक बघायला जातात. कोयना आहे, नर्मदाकाठची गावं आहेत. यातल्या प्रत्येक गावातून लग्न होऊन बाहेर गेलेल्या लेकी होत्या. आणि पुनर्वसनाचा म्हणून वेगळा कायदा आपल्या राज्यात पहिल्यांदा झाला तो 1976 साली. पुढे तो सुधारला, 1999 साली आणखी नवा आला. येलदरीत त्याआधीच पाणी साठलं होतं. भरपाई मिळाली ती ज्याच्या नावावर जमीन आणि घर, त्याला. जी लेक सासरी गेली ती कुठल्या यादीत असणार?

2016 चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते साल. आमच्या येलदरीचंही पाणी तळाला गेलं होतं. एक दिवस वर्तमानपत्रात "मृत साठा" असा शब्द आला. आत्याबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि मला विचारलं, "मृत साठा म्हणजे काय गं?" मी सांगितलं की धरणाच्या तळाशी जे पाणी राहतं, कालव्याला सोडता येत नाही, त्याला तसं म्हणतात. त्या गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी चहा पिताना ह्यांना म्हणाल्या, "गाडी करशील का रं? एकदा जाऊन येऊ. गाव उघडं पडलं असंल."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांनी येलदरीचं नाव काढलं होतं. ह्यांनी त्याच रविवारी जीप ठरवली.

धरणाच्या भिंतीकडे आम्ही गेलोच नाही. वरच्या अंगानं, गाळपेर केलेल्या रानातून जितकी जीप गेली तितकी नेली, पुढे पायी. जमीन भेगाळलेली, भेगांत शिंपले, वाळलेल्या मासोळ्यांचा वास. मला वाटलं होतं देऊळ दिसेल, भिंती दिसतील. तसं काही नव्हतं. मातीची घरं पाण्यात मातीच होतात. काही घडीव दगड, एक जोतं आणि गाळानं भरलेल्या आडाचा गोल कठडा, एवढंच.

पण आत्याबाईंच्या गुडघ्यांना त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे! त्या आमच्या पुढं चालत होत्या. एका जागी थांबून त्यांनी चपला काढल्या. "इथं वेस होती." पारापाशी थांबल्या, हात जोडले. मग आडाच्या कठड्याला हात लावून उभ्या राहिल्या आणि तिथून मनात काही मोजत चालू लागल्या. एका जागी थबकल्या. तिथं बाकीच्या जमिनीपेक्षा वेगळं काहीच नव्हतं.

"हा आमचा उंबरा," त्या म्हणाल्या.

मला भीती वाटत होती की आता या रडतील, रक्तदाबाची गोळी मी पर्समध्ये घेतली होती. त्या रडल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक फडकं काढलं. त्यात भाकरी, ठेचा आणि गुळाचा खडा. सकाळी माझ्या आधी उठून त्यांनी ही भाकरी केली होती, मला कळूसुद्धा दिलं नव्हतं. जमिनीवर बैठक मारली आणि आम्हालाही बसवलं. "माहेरी आले अन् उपाशी कशी जाऊ? आई काय म्हणंल?"

चौघांनी मिळून तिथं त्या उन्हात भाकरी खाल्ली. माझी लेक तेव्हा लहान होती, तिला वाटलं आपण सहलीला आलोय. ती म्हणाली, "आजी, तुझं घर कुठंय?" आत्याबाई म्हणाल्या, "तू बसलीस ना, ते सैपाकघर." लेकीनं खाली पाहिलं आणि पटकन पाय आवरून घेतले, जणू चूल लागेल.

पुढच्या पावसाळ्यात पाणी चढलं. येलदरी परत भरलीही. आत्याबाई आता धरणावर येतात, पण भिंतीवर उभ्या न राहता एका कडेला बसतात आणि पाण्याकडे पाहतात. गुडघे आता खरोखरच दुखतात.

आता दुसरी गोष्ट, आणि ही सांगावी की नाही यावर मी बराच विचार केला. दोनेक वर्षांपूर्वी आत्याबाईंचे भाचे घरी आले. फळं, साडी, मिठाई घेऊन आले. चहा झाला, आणि मग पिशवीतून कागद निघाले. नव्या गावाजवळ भावाला मिळालेल्या जमिनीवर वारसांची नावं लावायची होती. आत्यानं हक्कसोडपत्रावर सही करावी, एवढंच काम. "आत्या, तुला कुठं जमीन कसायची आहे?"

मला संताप आला. मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हटलं, कागद दोन दिवस ठेवून जा, आम्ही वाचतो. भाच्यांचे चेहरे उतरले, ह्यांचाही उतरला. सुनेनं सासूच्या माहेरच्या व्यवहारात पडावं का, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होता. मी पडले.

वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकाच्या बरोबरीनं जन्मानं हक्क आपल्या राज्यात 1994 साली मिळाला आणि देशभरासाठी 2005 साली. राज्याच्या कायद्यातून आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, 2005 च्या कायद्यानं ती अट राहिली नाही. त्या वेळी वडील हयात असायलाच हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली स्पष्ट केलं. आधीच रीतसर झालेल्या वाटण्यांची गोष्ट वेगळी असते, म्हणून प्रत्येक घराचा कागद जाणत्या वकिलाला दाखवूनच बोलावं. हे मी आत्याबाईंना सोप्या शब्दांत समजावलं. एकदा नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र सहज मागं फिरवता येत नाही, हेही सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. दोन दिवसांनी भाच्यांना फोन करून बोलावलं आणि सही केली.

सही करण्याआधी मात्र त्या जे बोलल्या ते मी कधी विसरणार नाही. "बाळांनो, मला ठाऊक आहे हे कशाचे कागद आहेत. सुनेनं वाचून दाखवलंय. माझा हक्क आहे म्हणून मी सोडतेय, नसता तर काय सोडलं असतं? मला एकर नको, गुंठा नको. पण दर पंचमीला मला न्यायला यायचं. तुमच्या बायकांनी माझी ओटी भरायची. अन् तुमच्या पोरींच्या वेळी असा कागद करू नका."

मी त्यांच्या जागी असते तर सही केली नसती. हे मी त्यांना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "तुला तुझं माहेर फोन केला की भेटतं. मला ही दोन पोरंच माहेर." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आजही नाही. एवढं मात्र पटलं की न वाचता केलेली सही आणि समजून केलेली सही यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. भाचे गेली दोन्ही वर्षं पंचमीला आले आहेत. पुढचं देवाला माहीत.

मी आमच्या इथल्या एका शाळेत काही तास मराठी शिकवते. गेल्या वर्षी सातवीच्या मुलांना निबंध दिला, "माझ्या आजीचं गाव". वाटलं, सोपा विषय आहे. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या तर निम्म्या मुलांनी आजोबांच्या गावाबद्दलच लिहिलं होतं. मी म्हटलं, हे आजोबांचं झालं, आजी लग्नाआधी कुठं राहायची ते विचारून या. तेव्हा शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. चेष्टा करत नव्हता, खरंच विचारत होता. "मॅडम, आजीचं पण गाव असतं का?"

वर्ग हसला, मला हसू आलं नाही. त्या मुलाचा काय दोष? घरात कुणी त्याला सांगितलंच नसेल. कदाचित कुणी आजीलाही विचारलं नसेल. ज्या गावांवर पाणी आलं ती तरी उन्हाळ्यात कधी उघडी पडतात. पण न बुडालेली कितीतरी माहेरं अशीच घराघरांत बुडालेली आहेत, कारण विचारणारं कुणी नाही.

पुढच्या आठवड्यात मात्र मुलांनी काय काय आणलं! कुणाची आजी लोणारकडची निघाली, कुणाची थेट तेलंगणातली. एकीनं लिहिलं होतं की तिच्या आजीचं नाव लग्नात बदललं, आणि जुनं नाव विचारल्यावर आजी लाजली. त्या शेवटच्या बाकावरच्या मुलानं चार ओळीच लिहिल्या, पण शेवटी लिहिलं होतं, "आजी म्हणाली, मला घेऊन चल."

त्या दिवशी घरी येताना मी दोनशे पानी वही घेतली. आत्याबाईंना आता दुपारी काय जेवलो ते संध्याकाळी आठवत नाही, पण गाव विचारलं की सगळं लख्ख आठवतं. आडाचं पाणी गोडं की मचूळ, झोक्याचा लिंब कुणाच्या परसात, कोण बाळंतपणं करायची, कुठल्या घरची जात्याची ओवी सगळ्यांत आधी ऐकू यायची. दुपारी कामं आटोपली की मी विचारते, त्या सांगतात, लेक लिहिते. लेकीनं गावाचा नकाशाही काढला आहे. परवा आत्याबाईंनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि म्हणाल्या, "आड चुकला. जरा अलीकडं घे, नाहीतर आमच्या दारातून दिसायचा नाही." लेकीनं खोडरबरानं पुसून तो बोटभर अलीकडे घेतला.

मैत्रिणींनो, हक्क-बिक्क, कायदा-बियदा हे मोठे विषय आहेत, ते आपण शिकायलाच हवेत. पण त्याआधी एक अगदी साधं काम करता येईल. घरात सासूबाई असतील, आजेसासू असतील, आई असेल, शेजारच्या म्हाताऱ्या काकू असतील. येत्या रविवारी भाज्या निवडताना त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "तुमच्या गावाचं नाव काय? घराच्या दारातून काय दिसायचं?" वही जवळ ठेवा. पहिल्यांदा त्या म्हणतील, "जाऊ दे गं, आता काय त्याचं." तेवढ्यानं उठू नका. मेथीची दुसरी जुडी घ्या आणि बसून राहा.